आधी बोलायला कारण दे, मग नियम सांग

परवा फोनवर तू म्हणालीस, ‘ताई, ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करा म्हटलं की आठवीतली पोरं फटाफट करतात. पण वर्गाच्या खिडकीची काच कशी फुटली हे इंग्रजीत विचारलं, तर सगळे माना खाली घालतात.’ फोनवर घाईत काय सांगणार? म्हणून आज निवांत लिहायला बसलेय.

पहिली गोष्ट, स्वतःला बोल लावू नकोस आणि पोरांनाही नको. आपण सगळ्या त्याच वाटेनं शिकलो: आधी नियम, मग दोन उदाहरणं, मग वहीत दहा वाक्यं. ‘डू ॲज डायरेक्टेड’चे गुण मिळाले की विषय संपला. तर्खडकर भाषांतरमालेवर आपल्याकडच्या कित्येक पिढ्या इंग्रजी वाचायला-लिहायला शिकल्या, त्यामुळे त्या पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. पण त्या वाटेनं गेलेल्या पोराला वाक्य बदलता येतं आणि वाक्य सुरू करता येत नाही. कारण सोपं आहे. त्या दहा वाक्यांतलं एकही वाक्य त्याला कुणाला तरी सांगायचं नसतं.

मला तुला एवढंच सांगायचंय बघ. व्याकरण पोराला कधी लागतं? काहीतरी सांगायचंय आणि सांगता येत नाही, अशी अडचण झाली की. ती अडचण आधी उभी कर. नियम त्याच तासाला येऊ दे, पण अडचणीच्या मागून.

पॅसिव्हचंच घे. तुझी शाळा उसाच्या पट्ट्यात आहे. वर्गातल्या निम्म्या पोरांनी गुऱ्हाळ जवळून पाहिलं असणार, काहींच्या घरचंच असेल. तासाला गेलीस की पुस्तक उघडू नकोस. गुळाचा एक खडा टेबलावर ठेव आणि म्हण, ‘टेल मी, हाऊ डू वी गेट धिस?’ तुला यातलं फारसं ठाऊक नाही हे त्यांना कळू दे. बाईंना माहीत नसलेली गोष्ट आपल्याला माहीत आहे, यानं शेवटच्या बाकावरचा पोरगाही पुढे सरकतो. आधी मराठीत सांगू दे: ऊस तोडतात, चरकात गाळतात, रस काहिलीत ओततात, खाली चिपाडं जाळतात, रस उकळला की वरची मळी काढतात, दाट झाला की ओतून गार करतात आणि मग ढेपा बाजारात जातात. फळ्यावर तू फक्त क्रियापदं लिही: कट, क्रश, पोर, बॉइल, रिमूव्ह, कूल, सेल.

आता म्हण, इंग्रजीत सांगा. ती सुरुवात करतील, ‘दे कट द केन. दे क्रश द केन. दे बॉइल द जूस.’ तीन-चार वाक्यं होऊ दे, अडवू नकोस. मग शांतपणे विचार, ‘हू आर दे?’ पोरं एकमेकांकडे बघतील. कुणी म्हणेल शेतकरी, कुणी म्हणेल गुळव्या, कुणी म्हणेल कामगार. गंमत इथेच आहे. मराठीत आपण ‘रस उकळतात’ म्हणतो आणि कोण उकळतं ते सांगत बसत नाही, कुणी विचारतही नाही. इंग्रजी वाक्याला मात्र पुढे कुणीतरी उभं करावंच लागतं. मग करणाऱ्याच्या जागी रसालाच पुढे आणायचं: ‘द जूस इज बॉइल्ड.’ हे एक वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिही आणि बाकीची त्यांच्याकडूनच काढून घे. ‘द केन इज कट. द केन इज क्रश्ड. द जॅगरी इज सोल्ड.’ ‘सोल्ड’पाशी अडखळतील, तिथे मदत कर. क्रियापदाचं तिसरं रूप पाठ का करायचं, हे त्या क्षणी त्यांना कळतं. शेवटची दहा मिनिटं नियमाला दे. ‘इज’ किंवा ‘आर’ कुठे, तिसरं रूप कुठे, करणाऱ्याचं नाव कधी गाळायचं आणि कधी ‘बाय’ लावून सांगायचं, हे त्यांनीच केलेल्या वाक्यांवर बोट ठेवून सांग.

हे वाचून तुला वाटेल, ताईला नियमच नकोत. तसं अजिबात नाही गं. हल्ली एक हवा आहे की पोरांना नुसतं बोलू द्या, व्याकरण आपोआप येईल. ज्या घरात, ज्या गल्लीत दिवसभर इंग्रजी कानावर पडतं तिथे येतही असेल. तुझ्या वर्गाला इंग्रजी मिळतं ते रोजच्या एका तासापुरतं. तेवढ्यावर ‘आपोआप’ काही होत नाही, दाखवावं लागतं. फक्त कधी दाखवायचं तेवढं तू ठरव.

या बाबतीत एन. एस. प्रभू यांचं नाव लक्षात ठेव. 1979 ते 1984 या काळात त्यांनी बंगळूर-मद्रासकडच्या साध्या शाळांमध्ये एक प्रयोग केला. ‘बंगळूर प्रोजेक्ट’ म्हणून तो जगभर ओळखला जातो आणि 1987 साली त्यांनी त्यावर ‘सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी’ हे पुस्तक लिहिलं. व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून त्यांनी मुलांना सोडवायला कामं दिली. रेल्वेचं वेळापत्रक वाचून कुठली गाडी पकडायची ते ठरवा, नकाशावरून वाट काढा, अशी. मन अर्थात गुंतलं की भाषेचं रूप मागून येतं, असा त्यांचा विचार. मी त्यांच्याइतकी लांब जात नाही, शेवटची दहा मिनिटं मला नियमासाठी हवीच असतात. पण त्यांची एक गोष्ट तुझ्या साठ पोरांच्या वर्गाला फार सोयीची आहे. गटात बसवण्यावर त्यांचा भर नव्हता. एक कोडं आधी शिक्षकानं सगळ्या वर्गासमोर, प्रश्न विचारत विचारत सोडवायचं आणि मग तसंच दुसरं मुलांनी एकेकट्यानं सोडवायचं. बाकं हलवायला नकोत, शेजारच्या वर्गातून तक्रार नको.

तुझ्याकडे तर एसटीचं वेळापत्रक आहे. स्टँडवर जाऊन त्याचा फोटो काढून आण, सात-आठ ओळी फळ्यावर उतरव आणि विचार: आजीला साडेदहाच्या आत दवाखान्यात पोचायचंय, तिला गाडी बदलता येत नाही, कुठली गाडी सांगाल? हे झालं की शेजारच्याशी काम. एकाच्या कागदावर सुटण्याच्या वेळा, दुसऱ्याच्या कागदावर पोचण्याच्या. एकमेकांचा कागद बघायचा नाही, फक्त विचारायचं. पोरं काय विचारतील ते मी आत्ताच सांगते, ‘व्हॉट टाइम द बस लीव्ह्ज?’ कारण मराठीत ‘बस किती वाजता सुटते?’ विचारताना वाक्य जागचं हलत नाही आणि ‘डझ’सारखं काही मध्ये घालावं लागत नाही. तेव्हा ‘व्हॉट टाइम डझ द बस लीव्ह?’ हे वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेव. ‘डझ’ आला की ‘लीव्ह’चा ‘स’ गेला, हे रंगीत खडूनं दाखव. त्या तासाला तेच वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हापुन्हा जाईल, आणि दर वेळी उत्तराची खरी गरज असेल.

काळ शिकवताना आपल्या मराठीचा आधार घ्यायला लाजू नकोस. वर्गात मराठीचा शब्द नको असं कुणी म्हणालं तर खुशाल ऐकून घे, पण दोन मिनिटांची मराठी कधीकधी अर्धा तास वाचवते. ‘आय हॅव सीन हिम येस्टरडे’ ही चूक आपली पोरं का करतात? ‘मी त्याला काल पाहिलंय’ हे मराठीत अगदी बरोबर आहे म्हणून. ‘पाहिलंय’ आणि ‘काल’ यांचं आपल्याकडे छान जमतं, इंग्रजीत जमत नाही. कधी ते सांगितलं की ‘सॉ’, कधी ते न सांगता नुसतं झालंय एवढंच म्हणायचं असेल तर ‘हॅव सीन’. हे सांगून झालं की लगेच खेळ: ‘हॅव यू एव्हर सीन अ लेपर्ड?’ हो म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न, ‘व्हेअर डिड यू सी इट?’ पहिल्या प्रश्नात ‘हॅव’, दुसऱ्यात ‘डिड’, आणि मधली उडी पोरं गप्पांच्या ओघात मारतात. विहिरीत पडलाय का, रात्री रानात पाणी पाजलंय का, जोतिबाच्या यात्रेत हरवलाय का, हे सगळं विचारता येतं.

चालू भूतकाळासाठी चोर-पोलीस खेळ. काल संध्याकाळी पाच ते सात शाळेची घंटा चोरीला गेली असं जाहीर कर. संशयित दोघं. दोघांनी बाहेर जाऊन ‘आम्ही एकत्रच होतो’ अशी गोष्ट रचायची, मग एकेकाला आत बोलवायचं. वर्ग उलटतपासणी घेतो, ‘व्हॉट वेअर यू डूइंग ॲट सिक्स?’, ‘हू वॉज सिटिंग नेक्स्ट टू यू?’ दोघांच्या जबाबात फरक सापडला की चोर पकडला. या खेळात आवाज चढतो, तेव्हा मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी सांगून ठेव.

आर्टिकल्सचं दुखणं जुनं आहे. ‘अ’ आणि ‘द’ नियमांनी येत नाहीत असं माझं पक्कं मत झालंय. नियम खरे असतात, पण बोलताना वेळेवर आठवत नाहीत. यासाठी रूथ वाजनरीब यांनी 1990 सालच्या ‘ग्रामर डिक्टेशन’ या पुस्तकात मांडलेली रीत मला फार आवडते. चार-पाच वाक्यांचा उतारा तू नेहमीच्या वेगानं दोनदा वाचायचा. पोरांनी पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, दुसऱ्यांदा महत्त्वाचे शब्द टिपायचे. मग दोघातिघांनी मिळून त्या शब्दांतून उतारा पुन्हा उभा करायचा. शब्दाला शब्द जुळला पाहिजे असं नाही, अर्थ तोच हवा आणि व्याकरण नेटकं हवं. उतारा असा घे: एक माणूस बाजारात एक शेळी घेऊन आला, शेळी एका पोरानं विकत घेतली, पोरगा शेळी घेऊन बसमध्ये चढू लागला, कंडक्टर नको म्हणाला. पोरांच्या कागदावर ‘मॅन’, ‘गोट’, ‘बॉय’, ‘बस’ असतील, ‘अ’ आणि ‘द’ नसतील. ते त्यांना स्वतः ठरवावे लागतात. शेळी पहिल्यांदा आली तेव्हा ‘अ गोट’, पुढे तीच शेळी म्हणून ‘द गोट’, यावर बाकाबाकावर वाद होऊ दे. तो वाद हाच तुझा तास. शेवटी मूळ उतारा फळ्यावर लिही आणि त्यांचा त्यांनाच ताडून बघू दे.

आता चुकांबद्दल. पोरगी म्हणाली, ‘आय डिड नॉट वेंट.’ तू लगेच म्हणतेस, ‘ओके, यू डिड नॉट गो,’ आणि पुढे जातेस. आपण बहुतेक जणी हेच करतो. कॅनडातल्या फ्रेंच वर्गांवर लिस्टर आणि रांटा यांचा 1997 सालचा अभ्यास आहे. तिथेही शिक्षक सर्वांत जास्त वेळा हेच करत आणि मुलांकडून सर्वांत कमी प्रतिसाद यालाच मिळे. मुलांना वाटतं, बाई ‘हो’ म्हणाल्या. त्यापेक्षा थांब. ‘आय डिड नॉट…’ एवढंच म्हण आणि तिच्याकडे बघ. पाच सेकंद गप्प राहायला जड जातं, पण रहा. तिची तिनं दुरुस्त केलेली चूक तिच्या लक्षात राहते. मात्र खेळ रंगात असताना कुणाला तोडू नकोस. चुका वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेव आणि तास संपताना त्यातल्या दोन-तीनच फळ्यावर घे, नाव न घेता.

परीक्षेची काळजी तुला आहे, ती मलाही आहे. ‘डू ॲज डायरेक्टेड’ येणारच आणि पालक गुणच विचारणार. सत्र परीक्षेआधीचे काही तास सरळ त्यालाच दे. जुन्या प्रश्नपत्रिका काढ, वाक्यं बदलून घे, न संकोचता. गुऱ्हाळाचं पॅसिव्ह केलेल्या पोरांना ते जड जाणार नाही. रेन अँड मार्टिन तुझ्या टेबलाच्या खणात राहू दे, तुला शंका आली की उघडायला. वर्गात रोज एक धडा म्हणून ते चालवू नकोस.

आणि सगळं एकदम सुरू करू नकोस. आठवड्यातला एक तास धर, शुक्रवारचा बरा. पहिल्यांदा गुळाचा घे. आदल्या दिवशी गुऱ्हाळवाल्या घरातल्या एखाद्या पोराला विचारून क्रम नीट माहीत करून घे. काहिलीला आणि चिपाडाला इंग्रजी शब्द शोधत बसू नकोस, ते तसेच वापर. तास झाला की फळा पुसायच्या आधी त्याचा फोटो मला पाठव. पोरं कुठल्या वाक्याला अडली ते बघून पुढचा तास आपण फोनवर मिळून ठरवू.