अंदमानात गाडी कोणती घ्यावी?

प्रश्न : आम्ही चौघे (मुले १२ व ७ वर्षांची) डिसेंबरात अंदमानच्या स्वराज द्वीपला स्कूबासाठी जाणार आहोत. तिथे गाडी भाड्याने घ्यावी का?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : चौघांसाठी एक स्कूटर नको, चालकासह टॅक्सीच बरी. बेट लहान आहे, त्यामुळे जेटी, हॉटेल आणि राधानगर किनारा एवढ्यापुरती ती ठरवा. दर आधीच बोलून घ्या. स्कूबासाठी नेमो रीफवर किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरतात आणि सिलिंडर, सूट स्कूबा केंद्रच देते. सामानासाठी मोठी गाडी लागत नाही.

दोघांना फिरायला स्कूटर घ्यायचीच असेल, तर परवाना व हेल्मेट हवेच. भाड्याच्या स्कूटरची पाटी काळी, अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेऊ नका. ब्रेक तपासा, जुन्या ओरखड्यांचे फोटो काढा. पाण्यात जाताना किल्ली काठावरच्या माणसाकडे द्या.

स्कूबाला किमान वय साधारण १० वर्षे. त्यामुळे धाकट्यासोबत एक पालक काठावर राहील. शेवटच्या डुबकीनंतर विमानप्रवासाआधी किमान १८ तास जाऊ द्या. परतीचे तिकीट त्या हिशेबाने काढा.