जुन्या दगडी घराचं वय कसं ओळखावं?

प्रश्न : कडोलीत आमचं पणजोबांच्या काळातलं दगडी घर आहे. भावकीत काहींचं म्हणणं पडलं, पाडून स्लॅबचं बांधू. घर नक्की किती जुनं आहे हे कळायला काही मार्ग आहे का? आणि कुणी नामवंत माणूस इथं राहिला नसताना त्याला वारसा म्हणता येईल का?
— एक वाचक, कडोली (जि. बेळगाव)

उत्तर : वारसा जरूर म्हणता येईल. पण आधी वयाचं बघू, कारण त्याच्या खुणा घरातच सापडतात.

सुरुवात माळ्यावरून करा. छपराची दोन-चार कौलं उतरवून उलटी करा. मंगळुरी कौलावर बहुतेक वेळा कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं. या कौलांचा कारखाना बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला काढला आणि बेळगावला रेल्वे आली १८८७ मध्ये. म्हणजे ही कौलं तुमच्या भागात सर्रास पोचली ती बहुधा रेल्वेनंतरच. मात्र एवढ्यावरून घराचं वय ठरवू नका. आधी नळीची कौलं असतील, पुढं कुणीतरी छप्पर बदललं असेल. तुळयांवर विनाकारण वाटणाऱ्या खाचा, रिकामी भोकं दिसली, तर लाकूड पूर्वी दुसरीकडं किंवा दुसऱ्या रचनेत वापरलेलं आहे असं समजा.

मग भिंतीपाशी या. दगड काळा आहे की जांभा? बेळगावचा परिसर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या दक्षिण कडेला येतो आणि जांभाही इथं विपुल, त्यामुळं दोन्ही दगड हाताशी होते. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्यावर कडक होतो. म्हणून त्याचे चिरे पटकन पडतात, पण बारीक नक्षी तो धरत नाही. काळा दगड घडवायचा म्हणजे पाथरवटाचे दिवसच्या दिवस जायचे. जोतं, उंबरा, दाराचे कोपरे एवढेच घडीव काळ्या दगडाचे आणि वर साधी रचाई, असं दिसलं तर घरधन्यानं पैसा कुठं ओतला आणि कुठं हात आखडला, ते उघड वाचता येतं. सकाळी ऊन तिरपं असताना दर्शनी दगडावर नजर टाका, टाकीचे घाव ओळीनं उठून दिसतील. मला विचाराल तर त्या घावांतच या घराचं खरं मोल आहे. ते काम करणाऱ्याचं नाव कुठल्याही कागदावर नसतं.

सांध्यात काय भरलंय तेही पाहा. नखानं भुगा होणारा पांढरट माल असेल तर तो चुना. घाणीत बैल जुंपून मळलेला. आपल्या देशात सिमेंटचं उत्पादन नीट चालू झालं ते १९१४ मध्ये पोरबंदरला. खेड्यात ते पोचायला आणखी बराच काळ गेला. तुमच्या भिंतीच्या दर्जा सिमेंटच्या असतील, तर त्या बहुधा मागाहून भरलेल्या. आणि तेच पुष्कळ घरांच्या मुळावर येतं. चुन्यातून आणि मातीतून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंटनं ती आत कोंडते, खार फुटतो, दगडाचा पापुद्रा सुटतो. तेव्हा डागडुजी चुन्यातच करून घ्या.

कागदांचीही मदत होईल. बेळगाव जिल्हा १८३६ मध्ये धारवाडपासून वेगळा झाला आणि १९५६ पर्यंत तो मुंबई राज्यात होता. त्यामुळं वाटणीपत्रं, खरेदीखतं मोडी लिपीत असण्याचा संभव मोठा. पेटीतली कागदं रद्दी समजू नका, जाणकाराकडून वाचून घ्या. चौकटीवर किंवा तुळईवर शके कोरलेला असेल, तर त्यात ७८ मिळवा. शके १८१० म्हणजे सुमारे १८८८.

आता ‘नामवंत माणूस’. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावला आले, तेव्हा आधी वकील भाटे यांच्याकडं उतरले आणि मग किल्ल्यात वनखात्यातले हरिपद मित्र यांच्या घरी. किल्ल्यातल्या त्या जागी आज रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. स्वामींचा लौकिक तर मोठाच. पण भाट्यांच्या घरातले दिवस आपल्याला इतके बारकाईनं ठाऊक आहेत, कारण त्यांच्या मुलानं, ग. स. भाटे यांनी, त्या आठवणी लिहून ठेवल्या. तुमच्या घरी स्वामी आले नसतील. पण कोणत्या सोप्यात धान्याची पोती रचायचे, बाळंतिणीची खोली कुठली, देवघराचा कोनाडा कुणी बुजवला, हे सांगणारी म्हातारी माणसं घरात असतील, तर त्यांच्याजवळ आजच बसा. दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरवणाऱ्या गावात हे लिहून घेणारे हात नक्की मिळतील.

कायद्याच्या भरवशावर मात्र राहू नका. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात प्राचीन वास्तूसाठी किमान शंभर वर्षांची अट आहे. तेवढी वर्षं भरली म्हणून घराला आपोआप संरक्षण मिळत नाही. बेळगाव किल्ल्यातली १२०४ ची कमल बस्ती सरकारनं सांभाळली, खेड्यातलं घर घरच्यांनीच सांभाळायचं.

भावकीला एवढंच सुचवा : पाडायचं ठरवण्याआधी चुन्याचं काम जाणणारा गवंडी आणि एक वास्तुरचनाकार आणून भिंती तपासा. बहुतेक वेळा दुखणं छपरात असतं. पागोळीचं पाणी भिंतीच्या माथ्यात शिरतं, आतलं भरण वाहून जातं आणि भिंतीला पोट सुटतं. छप्पर दुरुस्त करून नवी न्हाणी, संडास आणि स्वयंपाकघर परसात बांधलं, तर जुनं घर तसंच ठेवूनही सोय होते. तरीही पाडायचंच ठरलं, तर त्याआधी प्रत्येक खणाची मापं घ्या, फोटो काढा आणि घडीव दगडांवर खडूनं क्रमांक घाला, म्हणजे निदान दर्शनी दार नव्या घराला पुन्हा बसवता येईल.