जीएसटीचे पैसे सीएंनी सट्ट्यात घालवले

प्रश्न : माझं छोटं वर्कशॉप आहे, आसपासच्या कंपन्यांना सुटे भाग पुरवतो. अकरा वर्षं एकच सीए. गावात त्यांना मान आहे, देवळाच्या जीर्णोद्धाराचा हिशेबही तेच बघतात. जीएसटीची रक्कम मी त्यांच्या खात्यावर टाकायचो, ते भरायचे. आता विवरणपत्र न भरल्याची जीएसटीआर-3ए नोटीस आली. विचारलं तर रडायलाच लागले. क्रिकेटच्या सट्ट्यात आणि ऑनलाइन रमीत माझे सहा लाख गेले म्हणाले. 'पोलिसांत जाऊ नका, दिवाळीपर्यंत फेडतो.' काय करू?
– एक वाचक, भांडगाव (ता. दौंड)

उत्तर : दिवाळीची वाट पाहू नका. नोटिशीनंतर 15 दिवसांत विवरणपत्र भरलं नाही, तर अधिकारी स्वतःच्या अंदाजाने कर ठरवू शकतो. पैसे सीएंनी खाल्ले तरी सरकारदरबारी थकबाकीदार तुम्हीच, वर वार्षिक 18 टक्के व्याज. हा अन्यायच आहे, पण व्याज थांबवणं तुमच्या हातात आहे. उसनवारी करावी लागली तरी भरा. जीएसटी पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ई-मेल त्यांचा असेल तर आजच बदला, मग कॅश लेजर तुमच्या बँक उताऱ्याशी महिनावार ताडून बघा.

'फेडतो' हे सही-तारखेनिशी, रकमेसह लिहून घ्या. वसुलीच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असते. ती संपण्याआधी अशी लेखी कबुली मिळाली, तर मुदत नव्याने मोजतात. त्यांना आणखी एक रुपयाही उसना देऊ नका. हरलेलं परत जिंकू, या आशेवरच जुगारी पुढचा डाव लावतो. सिंगापूरच्या एका मद्य कंपनीच्या वित्त व्यवस्थापकाने 1999 ते 2003 या काळात कंपनीच्या नावावर बँकांकडून 11.7 कोटी सिंगापूर डॉलर उचलले आणि त्यातले बरेच जुगारात घातले. 2004 मध्ये त्याला 42 वर्षांची शिक्षा झाली.

पैसे परत केले म्हणून गुन्हा पुसला जात नाही. विश्वासाने सोपवलेली रक्कम स्वतःसाठी वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली फौजदारी विश्वासघात आहे. प्रतिनिधी या नात्याने केला असेल तर 316(5) लागतं, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. 1 जुलै 2024 पूर्वीच्या रकमांना जुन्या दंड संहितेचं कलम 409. बँक उतारे, व्हॉट्सअ‍ॅप संदेश घेऊन यवत पोलीस ठाण्यात जा.

आणि ते खरोखर सीए आहेत का, हे सदस्य क्रमांकावरून तपासा. गावाकडे कर भरून देणाऱ्या कुणालाही सीए म्हणतात. असतील तर 1949 च्या सनदी लेखापाल कायद्यानुसार अशिलाचा पैसा ठरलेल्या कामाला न वापरणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. दिल्लीच्या सनदी लेखापाल संस्थेकडे तक्रार करता येते.

देवळाच्या विश्वस्तांनाही या आठवड्यातच पासबुक भरून घ्यायला सांगा.