संशोधननीतीचे अध्यापन आणि महाजालावरील साधने : जात्यावरील ओव्यांच्या संग्रहाच्या संदर्भात

संशोधननीती हा विषय मराठीच्या अभ्यासकाला नवा नाही. हस्तलिखितातील पाठ जसाच्या तसा देणे, आधाराचा निर्देश करणे, पूर्वसूरींचे मत आणि स्वतःचे मत वेगळे ठेवणे, ही शिस्त पाठचिकित्सेच्या परंपरेने त्याला पूर्वीच दिली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याच्या प्रतिबंधासाठी विनियम केले आणि २०१९ मध्ये पीएच.डी.साठी संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम अनिवार्य ठरविला. तेव्हापासून ही शिस्त वर्गात कशी शिकवावी, हा प्रश्न अध्यापकांपुढे उभा राहिला आहे. महाजालावरील कोणती साधने मराठीच्या वर्गाला खऱ्या अर्थाने उपयोगी पडतील, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२०१८ च्या विनियमांनी साम्याच्या पायऱ्या ठरविल्या. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही; साठ टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होते. ही तरतूद आवश्यकच होय. परंतु तिच्यामुळे नीती म्हणजे टक्केवारी, असा समज विद्यार्थ्यांत रूढ होऊ पाहतो. उसना विचार शब्द बदलून मांडला, तर साम्य दिसत नाही. ऋण मात्र तसेच राहते. मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. जुनी नियतकालिके आणि ग्रंथ यांचा मोठा भाग संगणकाला वाचता येईल अशा रूपात आलेला नाही. अनेक प्रबंध छायाप्रतींच्या किंवा जुन्या टंकांच्या रूपात आहेत. तेथून केलेली उचल संगणकीय तपासणीतून सहज निसटते.

म्हणून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या प्रबंधसंग्रहाचा उपयोग वेगळ्या रीतीने करावा लागेल. एकाच विषयावरील दोन प्रबंध घेऊन त्यांतील एका अवतरणाचा माग मूळ ग्रंथापर्यंत काढावा. अवतरण मुळातून घेतले आहे की दुसऱ्याच्या तळटिपेतून, हे विद्यार्थ्याला डोळ्यांनी पाहता येते. हेतू दोषारोपाचा नसून वाचनाच्या सवयीचा आहे, हे अध्यापकाने आरंभीच स्पष्ट करावे.

लोकसाहित्याच्या क्षेत्रात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. तेथे ऋण ग्रंथाचे नसून जिवंत माणसाचे असते. ओवी ‘लोकांची’ म्हटली की ती म्हणणारी स्त्री अनामिक होते. ‘एका वृद्ध स्त्रीकडून मिळालेली ओवी’ एवढाच तिचा उल्लेख उरतो. या दृष्टीने हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील गावोगावी झालेले जात्यावरील ओव्यांचे संकलन मोलाचे ठरते. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या महाजालीय संग्रहालयातून क्रमाने प्रकाशात येऊ लागला. तेथे ओवीबरोबर गाणाऱ्या स्त्रीचे नाव, गाव, तालुका आणि जात यांची नोंद आढळते; अनेक ठिकाणी तिचा आवाजही ऐकता येतो. अनुवादकाचाही निर्देश असतो.

वर्गात एखाद्या छापील संग्रहातील दहा ओव्या आणि या संग्रहातील दहा ओव्या शेजारी ठेवाव्यात. प्रत्येक ओवीसाठी तीन प्रश्न विचारावेत : ती कोणी म्हटली? कोणी टिपली? कोणी बदलली? पहिल्या गटात किती प्रश्न अनुत्तरित राहतात, हे विद्यार्थ्याने स्वतः मोजले, म्हणजे श्रेयनिर्देशाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र नाव देणे हेच सदैव नैतिक, असेही म्हणता येत नाही. सासरच्या जाचाची ओवी नावगावासह प्रसिद्ध झाली, तर ती गाणारीला त्रासदायक ठरू शकते. जातीची नोंद अभ्यासाला उपकारक असली, तरी तिचा वापर जबाबदारीनेच व्हावयास हवा. नाव द्यावे की गाळावे, याचा निर्णय संकलकाने एकट्याने न घेता गाणारीला विचारून घ्यावा आणि तिची संमती नोंदवावी.

सारांश, संगणकीय तपासणी शब्दांचे साम्य दाखवू शकते. कोणाचे ऋण नाकारले गेले, हे ती सांगू शकत नाही. ते ओळखण्याची दृष्टी विद्यार्थ्याला देणे, हेच संशोधननीतीच्या अध्यापनाचे खरे प्रयोजन होय.