भाषेच्या तासाला इंटरनेट

भाषा शिकविणाऱ्या शिक्षकाची साधने फार थोडी. पाठ्यपुस्तक, खडू-फळा आणि स्वतःची वाणी एवढ्या बळावर पिढ्यान्‌पिढ्या मुले शिकली. अशा शिक्षकाच्या वर्गात इंटरनेट येऊ लागले म्हणजे त्याच्या मनात दोन शंका उभ्या राहतात. हे यंत्र आपणांस चालविता येईल काय, ही पहिली. आणि त्याच्या नादाने मुले पुस्तकास पारखी तर होणार नाहीत ना, ही दुसरी. या दोन्ही शंका आमच्याही मनात होत्या. म्हणूनच आम्हांस जे थोडेबहुत साधले आणि जे फसले, ते विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावे, असे आम्हांस वाटते.

आधी फसले ते सांगतो. नववीच्या वर्गात संतवाङ्मयाचा पाठ होता. आम्ही मोठ्या हौसेने संगणक व पडदा वर्गात आणविला. निम्मा तास जोडणी लावण्यात गेला. उरलेल्या वेळात मुलांनी चित्रफीत पाहिली. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा आमच्या ध्यानात आले, की चाळीस मुलांपैकी एकानेही त्या तासाला मराठीचे एक वाक्य उच्चारले नव्हते की लिहिले नव्हते. आम्ही यंत्र दाखविले होते. भाषा शिकविली नव्हती.

पुढच्या खेपेस आम्ही क्रम उलटा केला. आधी प्रश्न, मग यंत्र. ‘घरातली भांडणे चव्हाट्यावर आणू नयेत’ असे वाक्य धड्यात आले. त्याचा आशय सर्वांस ठाऊक होता. पण ‘चव्हाटा म्हणजे काय?’ असे विचारताच वर्ग स्तब्ध झाला. आम्ही उत्तर सांगितले नाही. दोन मुलांना शब्दकोश पाहावयास धाडले, आणि इतरांना घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून येण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले : चार वाटा जेथे मिळतात ती जागा. चारचौघांची ये-जा जिथे सदैव चालते, तिथे उघडी पडलेली गोष्ट झाकणार कशी? वाक्प्रचाराचा अर्थ मुलांनी स्वतःच उलगडला. मग एक मुलगी म्हणाली, “आपल्या बेळगावात चव्हाट गल्ली आहे!” रोज कानांवर पडणाऱ्या त्या नावाचा विचार वर्गाने त्या दिवशी पहिल्यानेच केला. यंत्रापुढे मुले बसली ती केवळ दहा मिनिटे. भाषा मात्र तासभर बोलली गेली.

ते कोश मुलांना कोठे मिळाले, हे सांगणे अगत्याचे आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला व त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ साली आली. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासून खंडशः प्रसिद्ध झाला. हे जाडजूड ग्रंथ सामान्य कुटुंबात कोठून असणार? महाराष्ट्राबाहेरील आमच्यासारख्या शाळांच्या कपाटांतही ते क्वचितच आढळतात. आज हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर विनामूल्य खुले केले आहेत. मराठी विश्वकोशही तेथे वाचता येतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. बेळगाव असो, इंदूर असो वा बडोदे, जेथे मराठी पुस्तकांचे दुकान दूर आहे, तेथील मुलाला हे ग्रंथालय घरबसल्या उघडे झाले आहे. सीमेवरच्या मराठीला याहून मोठा आधार कोणता हवा?

दुसरा लाभ लेखनाचा. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस भ्रमणध्वनीवर मराठी निरोप रोमन अक्षरांत लिहिण्याची सवय जडली आहे. ‘बाळ’ आणि ‘बाल’ हे दोन्ही शब्द तेथे सारखेच उमटतात. ‘न’ आणि ‘ण’ यांतला भेद पुसला जातो. जी अक्षरे बोटांखालून जात नाहीत, ती हळूहळू कानांतूनही जातात. वास्तविक देवनागरीत लिहिण्यास आता कोणतीच अडचण उरलेली नाही. पूर्वी एका संगणकावर लिहिलेले मराठी दुसऱ्यावर उघडले, तर अनेकदा निरर्थक चिन्हे दिसत. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत १९९१ पासून देवनागरीच्या प्रत्येक वर्णास ठराविक क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५. तो जगात कोठेही ‘क’च राहतो.

देवनागरीसाठी ठरविलेल्या इनस्क्रिप्ट या कळफलकाची रचना तर व्याकरणाचा पाठच होय. स्वर डाव्या हाताशी, व्यंजने उजव्या हाताशी. ‘क’ची कळ दुसऱ्या एका कळीसह दाबली, की ‘ख’ उमटतो. ‘ग’चा तसाच ‘घ’ होतो. अल्पप्राण व महाप्राण यांचे नाते बोटांना आपोआप कळते. ‘क’, मग हलन्ताचे चिन्ह, मग ‘ष’ अशा क्रमाने कळा दाबल्या, की ‘क्ष’ उमटतो. जोडाक्षर कसे घडते, हे फळ्यावर दहादा सांगूनही ज्यांस उमगत नव्हते, त्यांना ते कळफलकावर एका दिवसात उमगले.

तथापि इंटरनेट हाही एक चव्हाटाच आहे. तेथे विद्वानही बोलतो आणि रिकामटेकडाही बोलतो. म्हणून आमच्या वर्गात आम्ही एक नियम घातला आहे : एका साक्षीवर विश्वास ठेवू नये. एका ठिकाणी मिळालेली माहिती दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणी पडताळून पाहावी, आणि ती कोठून घेतली हे वहीत लिहावे. अलीकडे प्रश्न विचारताच संपूर्ण निबंध लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. त्यांची भाषा सफाईदार असते. चूकही ती तितक्याच सफाईने करतात. शिवाय दुसऱ्याने लिहिलेला निबंध वाचून आपली लेखणी चालू लागत नाही. पोहणाऱ्यास काठावरून पाहून पोहता येत नाही, तसेच हे आहे. पालकांनीही एक जपावे : मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र किंवा दूरध्वनी क्रमांक अनोळखी ठिकाणी कधीही देऊ नये.

आमच्या शिक्षकबंधूंस व भगिनींस आमचे सांगणे एवढेच, की आरंभ लहान असावा. आठवड्यातून एक तास, त्या तासाला एक प्रश्न, आणि त्या प्रश्नाचे उत्तर शेवटी मुलांच्या तोंडून किंवा लेखणीतून यावे. जोडणी तुटली तर तास अडू नये, म्हणून लागणारे पान आधीच उतरवून ठेवावे. यंत्रातले काही अडले, तर वर्गातील एखाद्या मुलास खुशाल विचारावे. त्याला यंत्र येते, आपणांस भाषा येते. दोघांनी मिळून तास घ्यावा. त्यात शिक्षकास कमीपणा मुळीच नाही.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यासाठी या सुटीचा एक अभ्यास. तुमच्या घरात नित्य वापरले जाणारे दहा शब्द निवडा. कदाचित ‘तूप’ आणि कानडी शेजाऱ्याचा ‘तुप्प’ यांचे नाते तुम्हांस सापडेल. ‘चावी’ आणि ‘पाव’ हे पोर्तुगिजांकडून आले, हेही कळेल. आधी आजीला विचारा, मग कोश उघडा, आणि मिळेल ते देवनागरीत स्वतः लिहून आणा. आजीजवळचे काही शब्द कोणत्याच कोशात नसतील. ते तुम्ही लिहून ठेवले नाहीत, तर कोणतेही यंत्र पुढे ते शोधून देऊ शकणार नाही.