सँडीला झाडं बघायला जाण्याआधी

अगं, सासूबाई भारतातून आल्या आहेत आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून सँडीला ‘फेस्टिव्हल ऑफ ट्रीज’ बघायला जायचं ठरवलंयस, हे ऐकून खूप बरं वाटलं. युटात राहून हे बघितलं नाही तर काय! पण जाण्याआधी दोन गोष्टी मनात ठेव, म्हणून लिहितेय.

तिथे शेकडो ख्रिसमस ट्री असतात. 1971 पासून कुटुंबं, शेजारी, ऑफिसातली मंडळी आपापल्या खर्चाने ती सजवून देत आली आहेत. लोकांसाठी दारं उघडण्याआधी झाडांचा लिलाव होतो. विकलेली झाडं प्रदर्शन संपेपर्यंत तिथेच राहतात आणि मग ज्याची त्याच्या घरी किंवा ऑफिसात पोचवली जातात. सगळा पैसा सॉल्ट लेकच्या प्रायमरी चिल्ड्रन्स हॉस्पिटलला जातो. युटाच नाही, आयडाहो, वायोमिंग, नेवाडातूनही आजारी मुलं तिथे येतात.

म्हणून सांगते, झाडाजवळचं कार्ड वाचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. कितीतरी झाडं एखाद्या मुलाच्या आठवणीत दिलेली असतात. मी एक बघितलं होतं, जेमतेम माझ्या खांद्याएवढं. वरपासून खालपर्यंत नुसते छोटे हिरवे ट्रॅक्टर, तारेने घट्ट बांधलेले, मधेमधे गव्हाच्या ओंब्या आणि टोकाला चांदणीच्या जागी त्या मुलाची मळकी टोपी. टोपी धुतलेली नव्हती. आईनेच धुवू दिली नसणार, असं मला वाटलं.

तुझी लेक विचारणारच, “हा मुलगा मेला का?” तेव्हा “हो” म्हण. “देवाघरी झोपलाय” असलं काही सांगू नकोस, लहान मुलं मग रात्री झोपायला घाबरतात. त्याला मोठा आजार झाला, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, तो गेला, आणि दुसऱ्या मुलांना बरं वाटावं म्हणून त्याच्या आईबाबांनी हे झाड दिलं, एवढं पुरतं. आणि लगेच बऱ्या झालेल्या मुलांची झाडंही दाखव, तीही असतात. धाकट्याला यातलं काही कळणार नाही, त्याला आगगाडीच्या झाडापाशी खुशाल उभं राहू दे.

सासूबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं तर “चला, पुढे जाऊ” अशी घाई करू नकोस. झाड देणारे कोणी शेजारी उभे असतील तर त्यांच्याशी बोल. “फार वाईट झालं” हे त्यांनी हजारदा ऐकलेलं असतं. त्यापेक्षा “त्याला काय काय आवडायचं?” असं विचार. लोक भरभरून बोलतात गं. सासूबाईंना इंग्रजीची अडचण असेल तर तू मधे बोल, पण त्यांचा प्रश्न त्यांनाच विचारू दे.

तू मागे म्हणालीस, “सण त्यांचा, आपण नुसते बघे.” मला हे पटत नाही. आजारी मूल कुठल्या घरात जन्माला येईल हे कोणाच्या हातात आहे? या हॉस्पिटलची गोष्टच लेकीला सांग. 1922 मध्ये ते सुरू झालं, मॉर्मन चर्चच्या ‘प्रायमरी’ या मुलांच्या संस्थेकडून. त्या काळी मुलं आपल्या वाढदिवसाला, जितकं वय तितकी एक-एक सेंटची नाणी हॉस्पिटलसाठी देत. तुझ्या लेकीलाही तिच्या गल्ल्यातून वयाइतकी नाणी काढू दे आणि दानपेटीत तिच्या हाताने टाकू दे. पैसे तू देऊ नकोस, तिचेच असू देत.

खायचं म्हणशील तर तिथला गरम स्कोन घ्याच. इथला स्कोन तळलेला, भटुऱ्यासारखा फुगलेला, वर मध घातलेलं लोणी. सासूबाईंना आवडेल. जिंजरब्रेडची घरं आणि हाताने शिवलेल्या गोधड्याही बघा. गोधड्यांपाशी त्या अर्धा तास रमतील, टाक्यांवर नक्की बोलतील, तेव्हा तेवढा वेळ हाताशी ठेव.

शनिवार टाळ, फार गर्दी होते. मधल्या वारी सकाळी या. पार्किंगची कटकट नको असेल तर ट्रॅक्सच्या ब्लू लाइनने सँडी एक्स्पो स्टेशनला उतरा, पुढे थोडं चालायचं. सासूबाईंच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही असं वाटत असेल तर आधी सांग, मी गाडी घेऊन येते आणि चाकाची खुर्चीही आणते. नको म्हणाल्या तरी आणणार. आत सिमेंटच्या फरशीवर दोन-तीन तास उभं राहायचं असतं, आणि शेवटच्या रांगेतली झाडं त्यांची बघायची राहून गेली तर मला चालणार नाही. बुधवार की गुरुवार, तेवढं आज रात्री कळव, मला रजा टाकावी लागेल.