पलटणीच्या टोपणनावावरून पूर्वजांचा शोध



"आमचे पणजोबा पलटणीत होते." आपल्या जिल्ह्यातील एखाद्या घरात असे सांगितले जाते. कोणती पलटण, असे विचारले तर "काली पाचवी" किंवा "एकशे अकरा" एवढेच उत्तर येते. कागद नसतो, पण हे टोपणनाव हाच पहिला पुरावा समजावा. तो तपासून मात्र घ्यावा. ऐकीव गोष्ट केवळ ऐकीव म्हणून स्वीकारू नये, हा कालाम सुत्ताचा उपदेश येथेही लागू आहे.

नावे व त्यांचे अर्थ

काली पाचवी : मुंबई लष्कराची पाचवी पायदळ पलटण. तिच्या गणवेशाच्या कॉलर-बाहीची पट्टी काळी होती. १९०३ साली मुंबईच्या पलटणींच्या क्रमांकात शंभर मिळवले गेले आणि पाचवीची एकशे पाचवी झाली. आज ती मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन आहे.

जंगी पलटण : तिसरी, नंतर एकशे तिसरी. आज त्याच रेजिमेंटची पहिली बटालियन.

एकशे अकरा : पहिल्या महायुद्धात १९१७ साली उभारलेली १११ वी महार पलटण. युद्ध संपल्यावर ती मोडण्यात आली.

वऱ्हाड पलटण : आपला जिल्हा वऱ्हाडातला. हैदराबाद कंटिंजंटच्या खर्चासाठी १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिले. या कंटिंजंटमधील एक पलटण १९०३ साली ९६ वी बेरार इन्फंट्री झाली. १९२२ साली ती हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेली आणि १९४५ साली त्या रेजिमेंटचे नाव कुमाऊं झाले. म्हणून "आजोबा हैदराबाद पलटणीत होते" याचा अर्थ निजामाच्या खासगी फौजेत होते, असाच धरू नये.

मशीनगन पलटण : महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे सुरू झाली. १९४६ साली तिला मशीनगन रेजिमेंट केले.

काळ जुळवा

१८९० नंतरच्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनीही दाद मागितली. तेव्हा पूर्वज १९१७ साली भरती झाले असतील, तर "काली पाचवी" सहसा जुळत नाही. "एकशे अकरा" जुळते. ते १८७० च्या सुमारास भरती झाले असतील, तर उलट.

पुरावा कोठे पाहावा

पेटीतले पदक घासूनपुसून चकचकीत करू नका. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असते. डिस्चार्जचा कागद व पेन्शनबुक जपा. नंतरच्या सैनिकांसाठी बुलढाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. जुन्या यादीत आजचे आडनाव शोधू नका. शेवटी "नाक" असलेली नावे पाहा. कोरेगावच्या स्तंभावर अशीच नावे आहेत.

हा शोध कशासाठी?

लढाईच्या बढाईसाठी नव्हे. सुभेदार रामजी सकपाळ पलटणीच्या शाळेत शिक्षक होते. त्या वातावरणातून बाबासाहेबांच्या शिक्षणाला बळ मिळाले. गावाने ज्याला नुसता येसकर म्हटले, तो कदाचित लिहिता-वाचता हवालदार असेल. मुलांना हे कळले पाहिजे. पण पुरावा मिळाला नाही, तर पणजोबांना कोरेगावच्या लढाईत उभे करू नका. सम्यक वाचा घरापासून सुरू होते.

अभ्यास : या पौर्णिमेस घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसा. पलटणीचे नाव, गाव व अंदाजे साल वहीत लिहा. सांगितलेले एका पानावर, सिद्ध झालेले दुसऱ्या पानावर.

जय भीम!